मुख्य पात्र: सगळेच

४ फेब्रुवारी

सन्ना,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आई धडधाकट आहे, बाबांची कंबर तेवढी कुरकुरते, आणि एलियासला पुन्हा मुलगीच झाली. पाकिटावर माझं अक्षर बघून तू वाईटच बातमी धरली असणार, म्हणून हे आधी लिहून टाकलं.

तू वस्ती सोडून गेल्याला चार वर्षं झाली आणि मी आत्ता लिहितेय, तेही स्वतःच्या कामासाठी. रागवायचं तर रागव, पण आधी शेवटपर्यंत वाच. मी बारावीच्या इंग्रजीत नापास झालेय.

हस, हस. पण हसून झालं की ऐक. कोवालचुक बाई आता थकल्यात. त्यांच्यामागे इतक्या आडबाजूला शिकवायला बाहेरचं कोणी यायला तयार नाही. शाळाखात्याने स्पष्ट सांगितलंय, तुमच्यातली कोणी शिकून शिक्षिका होणार असेल तर वस्तीतली शाळा राहील, नाहीतर पोरांना रोज बसने गावात पाठवा. आपली सहा वर्षांची चिमुरडी, ज्यांना घरातल्या जर्मनशिवाय दुसरं काही धड बोलता येत नाही, ती त्या बसमध्ये! धर्मगुरू योसुआ व्हेटरांनी सभेत विषय काढला आणि माझं नाव पुढे आलं. लग्न झालेलं नाही, पोरांना आवडते, आणि तोंड चालतं, ही माझी लायकी. दोन हिवाळे बाईंकडे बसून मी बाकीचे सगळे विषय काढले. बारावी झाली की तुझ्या शहरातल्या, ब्रँडनच्या विद्यापीठात शिक्षकी शिकायची, आणि तोवर बाई कशीबशी शाळा रेटणार असं ठरलंय. पण मी अडकले कुठे, तर एका गोष्टीत.

पेपरात एक लघुकथा असते. ती वाचायची आणि तिचे घटक ओळखायचे. मुख्य पात्र, स्थळकाळ, संघर्ष, निवेदक, आशय. गोष्ट अशी होती, की बर्फाच्या वादळात एका घरात सातजण अडकलेत, बाळ आजारी आहे, आणि कार्ल नावाचा माणूस कमरेला दोर बांधून डॉक्टरला आणायला जातो. मुख्य पात्र कोण? मी लिहिलं, सगळेच.

बाईंनी डोकं धरलं. "राहेल, दोर कार्लने बांधला, बाहेर कार्ल गेला, डॉक्टरला कार्लने आणलं. मग?"

मी म्हटलं, "दोर वळला कोणी? दुसरं टोक धरून कोण उभं होतं? शेगडी कोणी पेटती ठेवली? परत आल्यावर त्याच्या हातात सूप कोणी दिलं?"

तूच सांग, माझं काय चुकलं? संघर्ष काय, याला मी लिहिलं, काही नाही, शेवटी सगळे एकमेकांना माफ करतात. निवेदक कोण, याला लिहिलं, देव. कारण सातही जणांच्या मनातलं त्याला कळत होतं, आणि असं कळणारा मला दुसरा कोणी माहीत नाही. बाई त्या दिवशी शाळेतून लवकर घरी गेल्या.

त्यांनी मला कथानक समजावायला फळ्यावर डोंगर काढला. गोष्ट चढते, टोकाला जाते, मग उतरते. मी डोंगर कुठे बघितलाय? आपल्याकडे सगळ्यात उंच म्हणजे धान्याचं कोठार.

जूनमध्ये एक संधी आहे. तीही गेली तर बस. तू तिथे बारावी केलीस असं बाईंकडून कळलं. शिकवशील का मला?

राहेल

२ मार्च

सन्ना,

मिळालं! एवढं जाड पाकीट! योसुआ व्हेटरांनी टपाल वाटताना ते हातात धरून पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. मी पटकन म्हटलं, "अभ्यासाचं आहे." ते म्हणाले, "मग उभी काय राहिलीस? अभ्यास कर."

आधी आभार मानते, मग बाकीचं. मला वाटलं होतं तू उत्तरच देणार नाहीस. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दिवसभर उभं राहून आल्यावर तू माझ्यासाठी तीन तीन गोष्टी हाताने उतरवून काढल्यास, प्रश्न काढलेस. तुझं अक्षर बघून मला रडू आलं आणि मी सांगितलं कांदा चिरत होते. त्या दिवशी मी भांड्यांवर होते, कांद्यावर नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं.

तुझा नियम मला बाईंच्या डोंगरापेक्षा सोपा वाटला. कोणाला काहीतरी हवंय ते शोधायचं. ज्याला ते सगळ्यात जास्त हवंय, गोष्ट त्याची. जे आडवं येतं तो संघर्ष. पण अगं, मला हे कोणी विचारलेलंच नाही कधी, की तुला काय हवंय. घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की प्रार्थना, आपली पाळी आली की स्वयंपाक. त्यामुळे सवय लागावी म्हणून मी इथल्याच माणसांवर सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या मुख्य, आपल्या युडिथ बाझेल, त्यांना काय हवंय? त्यांच्या सुऱ्यांना कोणी हात लावू नये. आडवं कोण येतं? मी. बघ, जमलं की नाही!

पहिल्या दोन गोष्टी मी बरोबर ओळखल्या, बाईंनी तपासल्या. विहीर खणणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत मुख्य पात्र म्हातारी, अख्खं गाव नाही, हे मी स्वतःचं स्वतः लिहिलं. बाई खुर्चीत बसत होत्या त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

तिसरी गोष्ट अजून केली नाही. नदीकाठच्या घरातली मार्था पहाटे होडी सोडून निघून जाते ती. ती तू मुद्दाम घातलीस ना?

राहेल

२८ मार्च

सन्ना,

लाल शाईने "चूक" लिहायला तुला फार मजा आली असेल.

मार्थाच्या गोष्टीत मी मुख्य पात्र लिहिलं, धाकटी बहीण. तू लिहितेस, "धाकटी अख्ख्या गोष्टीत जेमतेम येते. मार्थाला काय हवंय ते बघ, पुन्हा वाच." वाचली. मार्थाला समुद्र बघायचाय. छान. बघू दे. पण धाकटीला काही नको असतं का गं? ती सकाळी उठते तर शेजारची गादी गार. आई विचारते, आजोबा विचारतात, शेजारी विचारतात, आणि तिला काहीच माहीत नसतं. लेखकाने तिला दोन वाक्यं दिली म्हणून तिची गोष्ट नाही?

तू गेलीस त्याचं सांगू का? जेवणघरात तुझी जागा काही दिवस तशीच मोकळी ठेवली. मी उजव्या हाताला कोणी नाही अशी जेवत होते. मग एका दुपारी युडिथ बाझेल म्हणाल्या, "पोरींनो, सरका." आपण वयाप्रमाणे बसतो, मग मधे भोक कसं ठेवायचं? मी तुझ्या जागेवर आले, सारा माझ्या जागेवर, आणि पार टोकापर्यंत सगळ्या सरकल्या. त्या टोकाला लहानांच्या जेवणघरातून एक नवी पोर आली आणि इतकी खूश झाली, मोठ्यांत बसायला मिळालं म्हणून. मला तिचा इतका राग आला की विचारू नकोस. वाडगं तुझ्या जागेवर लवकर येतं, सूप जास्त गरम मिळतं. तेही मला आवडलं नाही.

मला काय हवं होतं सांगू? निघताना तू मला एकदा हलवायला हवं होतंस. बस. मी बरोबर आले नसते आणि ओरडलेही नसते.

मी उत्तर बदलणार नाही. शून्य दे.

राहेल

तरी पुढच्या गोष्टी पाठव. परीक्षा माझ्या रागासाठी थांबणार नाही.

२० एप्रिल

सन्ना,

तुझं पत्र वाचलं. "शून्य देत नाही, गुणही देत नाही. धाकटीची गोष्ट खरी आहे, ती तू लिही. परीक्षेत मात्र समोरच्याने जी लिहिलीय ती वाच." फार शहाणी झालीस. आणि खाली एवढंच, "मी हलवलं असतं तर मी गेलेच नसते." हे वाचून माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

पण मी आज दुसरंच सांगायला बसलेय. काल शेवया केल्या. तुला आठवतंच, सगळ्या बायका, लांबच लांब टेबलं, चादरींवर शेवया वाळत घातलेल्या. हाताला काम होतं, कान मोकळे होते, म्हणून मी मार्थाची गोष्ट मोठ्याने सांगितली.

"खरी आहे?" युडिथ बाझेलनी लगेच विचारलं.

"नाही, रचलेली आहे."

"म्हणजे खोटी."

"खोटी नाही हो, रचलेली."

"घडलेलं नसताना घडलं म्हणून सांगायचं, त्याला आमच्या वेळी खोटंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "बरं, पुढे सांग. होडीत खायला काही नेलं का तिने?"

मग जी सुरुवात झाली! सारा म्हणे, एप्रिलमध्ये नदीचं बर्फ धड फुटलेलं नसतं, होडी चालेल कशी? एलियासची बायको, आपली वहिनी, म्हणे, आजोबांना सगळं माहीत होतं, त्यांनीच होडीला डांबर लावून ठेवलं होतं. कोणी म्हणालं, मार्था आगाऊ. कोणी म्हणालं, आई फार कडक. मी विचारलं, "मुख्य पात्र कोण?" तर सगळ्या एका सुरात, "घरातले सगळे!" मला इतकं हसू आलं. मी एकटीच मठ्ठ नाही, आपण सगळ्याच तशा आहोत.

आणि मग आई बोलली. तोवर तिची मान खाली, हात पिठात. म्हणाली, "तिला शिकायचं होतं."

मी म्हटलं, "आई, गोष्टीत तसं नाही. मार्थाला समुद्र बघायचाय."

"गोष्टीत काय आहे ते ऐकलं मी. बहिरी नाही मी." मग तिने हात पुसले. "तिने बाबांना विचारलं होतं, बारावी करू का म्हणून. सुतारकामाच्या कारखान्यात. ते रंधा मारत होते, मारतच राहिले. ना हो, ना नाही. ती उभी राहिली बराच वेळ. पुन्हा एकदा विचारलं, तेव्हाही तसंच. मी दारात होते. मीही बोलले नाही."

मग युडिथ बाझेलच म्हणाल्या, कणीक मळता मळता, "म्हणून तर राहेलला या वेळी एका बैठकीत परवानगी मिळाली. नाहीतर देणार होते होय ते? एक पोर गेली तेव्हा डोळे उघडले."

सन्ना, मला हे माहीत नव्हतं. शपथ सांगते. आम्हा पोरींना सगळे सांगायचे की तू त्या बटाटेवाल्या ट्रकवाल्याच्या मागे गेलीस. आणि तो बिचारा अजून दर आठवड्याला एकटाच येतो, बटाटे भरतो, एकटाच जातो, तरी कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही! माझ्याही नाही.

म्हणजे माझं "हो" तुझ्यामुळे मिळालं. तू मागितलंस, तुला मिळालं नाही, तू घर सोडलंस, आणि तेच आता माझ्या ताटात आयतं वाढलंय. वर तूच मला शिकवतेयस. एवढ्या पानांत तू एकदाही बोलली नाहीस की हे आधी मी मागितलं होतं. मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच ओळीत ऐकवलं असतं, तुला माहीत आहे. मी तुझे आभार मानते. नुसत्या गोष्टींसाठी नाही, सगळ्यासाठी. हे तोंडावर सांगायला हवं, पण सध्या कागदावर घे.

मार्थाचा पेपर पुन्हा लिहून पाठवतेय. मुख्य पात्र, मार्था. खोडाखोड न करता लिहिलंय.

राहेल

१२ जून

सन्ना,

झाली परीक्षा!

गावातल्या हायस्कुलात होती. मी लांब झगा घालून, डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधून गेले आणि शेजारच्या मुलीने विचारलं, "नाटकात आहेस का?" मी म्हटलं, "हो, रोजच."

गोष्ट होती एबल नावाच्या नावाड्याची. जन्मभर लोकांना नदीपार नेतोय. आता तिथे पूल होणार. ठेकेदार त्यालाच सांगतो, दगड तुझ्या नावेतून वाहून ने. म्हणजे पूल झाला की याचं काम संपलं, आणि तो पूल उभा करायचा यानेच. खूप वेळ तो किनाऱ्यावर बसून राहतो आणि मग दगड भरायला लागतो. एवढीच गोष्ट.

मुख्य पात्र कोण? खरं सांगते, माझा हात "सगळेच" लिहायला निघाला होता. गावाला पूल हवाय, ठेकेदाराला दगड हवेत, पलीकडच्या म्हातारीला डॉक्टर हवाय. मग तुझं आठवलं, सगळ्यात जास्त कोणाला हवंय? आणि मला एकदम दिसलं की एबलला दोन गोष्टी हव्यात, दोन्ही सारख्याच, आणि दोन्ही मिळणार नाहीत. त्याला नाव चालवायचीय आणि लोकांना पार पोचवायचंय. संघर्ष ठेकेदाराशी नाहीच, त्याचा त्याच्याशीच आहे. मी इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली. निवेदकाला या वेळी देव म्हटलं नाही. "सर्वज्ञ निवेदक" लिहिलं आणि मनात देवाची क्षमा मागितली.

शेवटचा प्रश्न आशयाचा होता, स्वतःच्या शब्दांत. मी लिहिलं, याला नाव सोडायची नव्हती, पण पलीकडे पोचवायचं म्हटल्यावर त्याने दगड उचलले, आणि त्याला वाईट वाटलं तरी ते योग्यच झालं. मग अजून एक ओळ लिहिली, की जो दगड उचलतो त्याला पुलावरून जाणाऱ्यांनी विसरू नये. ही ओळ गोष्टीत नव्हती. गुण कापले तर कापू देत. ती ओळ मी तुझ्यासाठी लिहिली.

आता निकालापर्यंत बागेत मटार तोडतेय. पोरं रोज विचारतात, "राहेल, आपण बसमध्ये जाणार का?" मी सांगते, "मला काय विचारता, शेंगा तोडा."

राहेल

१९ जुलै

सन्ना,

पास! पास! पास!

गोष्टीच्या भागात तर इतके चांगले गुण आहेत की कोवालचुक बाईंनी कागद दोनदा वाचला आणि मग मला मिठी मारली. त्यांचा चष्मा माझ्या रुमालात अडकला. शाळा राहतेय! बस येणार नाही! पोरांनी इतका धिंगाणा घातला की युडिथ बाझेलनी त्यांना हाकलण्याऐवजी चक्क आईस्क्रीम दिलं. मला मात्र म्हणाल्या, "आता पास झालीस तर माझ्या सुऱ्या धार लावून दे."

पण काल संध्याकाळच्या सभेत जे झालं ते ऐक. मी तिथे नव्हते, बायकांना कुठे बसायला मिळतं? एलियास होता. तो सभेतून सरळ आमच्याकडे आला, आईला म्हणाला, "बस आधी." आई बसली नाही.

सभेत माझं ब्रँडनला जाणं पक्कं झालं. मग योसुआ व्हेटरांनी विचारलं, "आठवड्याचे कॉलेजचे दिवस ही राहील कुठे?" कोणी म्हणालं, भाड्याची खोली. योसुआ व्हेटर म्हणाले, एकट्या मुलीला परक्या घरात ठेवायचं मनाला येत नाही. कोणी म्हणालं, मग पुढच्या वर्षी बघू, दुसऱ्या वस्तीतल्या मुली जातील तेव्हा. पुढच्या वर्षी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. बाई तोवर थांबणार नाहीत. एलियास म्हणाला, "मला वाटलं, गेलं सगळं."

तेवढ्यात बाबा उठले. बाबा, जे सभेत कधी "आमेन" सोडून काही बोलत नाहीत. एलियासला वाटलं, कंबर दुखली म्हणून उठले.

बाबा म्हणाले, "आमची थोरली ब्रँडनला असते. ही तिच्याकडे राहील."

योसुआ व्हेटर घसा साफ करत म्हणाले, "झाखारियास, ती आपल्यातून गेलेली आहे."

"गेली ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "मुलगी माझीच आहे ना? तिने हिला शिकवलं म्हणून आपली शाळा राहिली. तिच्या घरी राहायला हरकत असेल तर तिने शिकवलेलंही आपल्याला नको." आणि उभेच राहिले. खाली बसेनात. शेवटी योसुआ व्हेटर म्हणाले, "बरं, बस आता, सगळ्यांना मान्य आहे." हात वर झाले. एलियास म्हणतो, जवळजवळ सगळे.

आईने हे सगळं उभ्याने ऐकलं. मग आत गेली आणि शेवयांची पिशवी बांधायला लागली. मी म्हटलं, "आई, अजून सप्टेंबर कुठे आलाय?" ती म्हणाली, "तू तुझं पत्र लिही."

मी लिहायला बसले तेव्हा बाबा कारखान्यातून आले. अंगाला भुसा तसाच. मला म्हणाले, "जागा दे जरा." मी उठले. ते बसले, बाहीने कागदावरचा भुसा झटकला आणि पेन उचललं. खालचं त्यांनी लिहिलंय. मी वाचलेलं नाही असं त्यांना वाटतं.

राहेल

सन्ना,
राहेलला तुझ्याकडे ठेवून घेशील का? मी सभेत तुला न विचारताच बोलून आलो. तुझं उत्तर आल्याशिवाय तिला पाठवणार नाही. नाही म्हणालीस तरी चालेल. पण मला उत्तर दे.
बाबा